फार क्राय ५ : मीटर भरला की पळवून नेतात. यावर काही उपाय आहे का?

घाटरस्ता

मंडळी, फार क्राय ५ बद्दल विचारायचं आहे. खेळ मार्च २०१८ चा, म्हणजे आता जुना. पण मार्च २०२३ मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी ६० फ्रेमचा अपडेट आला आणि त्यानंतर तो पुन्हा खेळण्यासारखा झाला आहे. नकाशा, बंदुका, मासेमारी, कुत्रा, सगळं आवडतं. अडचण एकाच जागी येते.

प्रत्येक प्रदेशाचा रेझिस्टन्स मीटर (पंथाविरुद्ध केलेल्या कामानं भरणारी पट्टी) ठरावीक पातळीला पोचला की जोसेफ सीडच्या पंथाचे लोक माझ्यामागे सोडले जातात, ब्लिस या गुंगीच्या औषधाची गोळी किंवा बाण लागतो, पडदा धूसर होतो आणि मी बांधलेल्या अवस्थेत जागा होतो. मग खलनायकाचं भाषण. मग सुटका. पुन्हा तेच. आउटपोस्ट (पंथाच्या ताब्यातली चौकी) घ्यायला निघालो होतो, हेलिकॉप्टरमध्ये होतो, काही फरक पडत नाही.

हॉलंड व्हॅली झाली आहे, तिथला प्रमुख जॉन मेला. आता व्हाइटटेलमध्ये तिथला प्रमुख जेकब, त्याचा मीटर दुसऱ्या टप्प्याच्या जवळ आलाय. प्रश्न असे :

एक, हे पळवून नेणं टाळता येतं का? टाळता येत नसेल तर निदान कधी व्हावं हे आपल्या हातात ठेवता येतं का?

दोन, जेकबची ती घड्याळ लावलेली गोळीबाराची चाचणी. वेळ संपतो आणि पहिल्यापासून. काही पद्धत आहे का?

तीन, कथेबद्दल. एवढा मोकळा नकाशा देऊन कथा अशी मानगुटीला धरून का ओढतात? की मलाच काहीतरी कळत नाहीये?

शेवट अजून पाहिलेला नाही, तेव्हा त्याबद्दल लिहिलंत तर वर तसं सांगा.

---

बोरकूट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : टाळता येत नाही. कितीही पळा, कितीही जणांना मारा, शेवटी गोळी लागतेच. तो कथेचा दरवाजा आहे आणि तो उघडल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. त्यामुळे पाठलाग सुरू झाला की दारूगोळा वाया घालवू नका. मेडकिट जपा आणि लागू द्या.

पण कधी व्हावं हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि खेळ हे नीट सांगत नाही म्हणूनच सगळे वैतागतात.

तिन्ही प्रदेशांचे मीटर वेगवेगळे आहेत. हॉलंड व्हॅलीत केलेल्या कामानं व्हाइटटेलचा मीटर हलत नाही. मीटरवर खुणा आहेत. त्या खुणेच्या थोडं अलीकडे आलात की त्या प्रदेशातून बाहेर पडा आणि दुसरीकडे काम करा. जेकबच्या दुसऱ्या टप्प्याजवळ आहात म्हणता, तर आत्ताच हेनबेन रिव्हरकडे वळा. चाचणीला तोंड द्यायची तयारी झाली, वेळ हाताशी आहे, तेव्हा परत या आणि एखादा आउटपोस्ट घेऊन मीटर स्वतःच पुढे ढकला.

दुसरं, मीटर कशानं भरतो ते लक्षात ठेवा. कथेच्या मोहिमा आणि आउटपोस्ट यांनी तो मोठ्या उडीनं वाढतो. पंथाची मालमत्ता फोडली की मधल्या उडीनं : हॉलंड व्हॅलीत सायलो, हेनबेनमध्ये तिथली प्रमुख फेथ हिच्या मूर्ती असलेले श्राइन, व्हाइटटेलमध्ये लांडग्यांचे बीकन. रस्त्यात ओलिस सोडवलात की चिमूटभर. शिकार आणि मासेमारी यांचा मीटरशी संबंध नाही.

इथेच खरी गफलत होते. खूण जवळ असताना मोठ्या गुणांची मोहीम केलीत तर मीटर एका दमात खुणेच्या बराच पुढे जातो. मग पहिल्या अपहरणातून सुटून श्वास घेतो न घेतो तोच पुढची खूण येते आणि पुन्हा पळवून नेतात. लागोपाठ दोन वेळा पळवून नेलं म्हणून अनेक जण खेळ सोडतात, त्याचं कारण हे. म्हणून खूण ओलांडायची ती छोट्या कामानं ओलांडायची. एखादा सायलो, एखादा बीकन. मोठ्या मोहिमा दोन खुणांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात करायच्या.

मधल्या वेळात काय करायचं? पर्क (जादा कौशल्यं) घ्यायला लागणारे पॉइंट जमवा. प्रेपर स्टॅशचा, म्हणजे संकटासाठी साठा करून ठेवणाऱ्यांच्या लपवलेल्या ठेव्याचा, मुख्य मोबदला पैसा आणि पर्कची मासिकं, एका स्टॅशमध्ये साधारण तीन. चॅलेंज पुरे करा : वेगवेगळ्या जातीच्या बंदुकांनी मारणं, वेगवेगळ्या प्राण्यांची कातडी, मासे, विंगसूट. एकाच बंदुकीवर प्रेम करणारे इथे मागे पडतात, कारण चॅलेंज बंदुकीच्या प्रकारावर मोजलं जातं. स्नायपरची संख्या पुरी झाली की शॉटगन उचला, मग धनुष्य. आर्केड या वेगळ्या विभागात खेळून मिळणारे पर्क पॉइंट आणि पैसेही मुख्य खेळात वापरता येतात, आणि आर्केडमध्ये कोणी पळवून नेत नाही.

आधी कोणते पर्क घ्यावेत याबद्दल वाद असतो. माझ्या मते क्रम असा : जादा होल्स्टर, तब्येत वाढवणारा, मग दोन साथीदार एकत्र ठेवू देणारा लीडर. कुलूप उघडण्याचा पर्क लोक पहिल्यांदा घेतात, पण बहुतेक तिजोऱ्या स्फोटकांनी किंवा रिपेअर टॉर्चच्या ज्योतीनं उघडतात. तो थांबू शकतो.

---

निशाचर१९

बोरकूट यांच्याशी सहमत. एक भर. प्रदेशाचा प्रमुख मेला की त्या प्रदेशातलं अपहरण कायमचं बंद होतं आणि रस्त्यावरची गर्दीही घटते. त्यामुळे तीन प्रदेश थोडे थोडे खेळून तिन्ही मीटर अर्धवट ठेवले तर तिघांचेही लोक मागे लागत राहतात. ज्यांना पकडलं जाण्याचाच त्रास होतो त्यांनी एक प्रदेश धरावा, संपवावा, मग पुढचा. आधी हॉलंड व्हॅली, मग हेनबेन, शेवटी व्हाइटटेल. जेकब शेवटी, कारण त्याच्याकडे जायच्या आधी तब्येत आणि होल्स्टर दोन्ही वाढलेले असतात.

---

तिसरा_मजला

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला कळत नाहीये असं अजिबात नाही.

फार क्राय ३ आणि ४ मध्ये कथेची मोहीम नकाशावर खूण म्हणून बसलेली असायची. जायचं असेल तेव्हा जा. मध्ये टॉवर चढायचे, नकाशा उघडायचा. पाचव्या भागात टॉवर काढले, कोपऱ्यातला मिनीमॅप काढला, वर फक्त होकायंत्राची पट्टी ठेवली. माणसांशी बोला, रस्त्यावरच्या पाट्या वाचा, तशा जागा कळत जातील, असा विचार. नकाशापुरता तो फार चांगला निर्णय होता. सुरुवातीला आपल्याला वाचवणारा डच तुम्हाला त्याच्या बंकरमधून बाहेर सोडतो, त्याच्या बेटावरचं काम झालं की तीनपैकी कुठल्याही दिशेला जाता येतं. एवढं मोकळं सुरुवातीचं दार या मालिकेत आधी नव्हतं.

पण मग खलनायक कुठे भेटणार? खेळाडू कधी कुठे असेल याचा भरवसा नाही. जॉन, फेथ, जेकब यांची ओळख तर व्हायला हवी. त्यावर काढलेला उपाय म्हणजे हा मीटर : खेळाडू खलनायकाकडे गेला नाही तर खलनायकानं खेळाडूला उचलून न्यायचं. एकदा हे कळलं की पुढचं सगळं दिसू लागतं. प्रत्येक प्रदेश कधीही खेळला जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक प्रदेशाची कथा स्वतंत्र लिहावी लागली. म्हणून तिन्ही कथांचा साचा एकच : पकड, भाषण, सुटका, पुन्हा पकड. जॉन पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतो, मग बंकरमध्ये खुर्चीला बांधून पापाची कबुली मागतो, मग फॉल्स एंड गावाच्या चर्चमध्ये. फेथ ब्लिसमध्ये नेते. जेकब पिंजऱ्यात ठेवतो. भावंडं मेल्यावर बाकीचे रेडिओवर बोलतात, नाही असं नाही. पण चढत जाणारी कथा अशानं होत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. आपलं पात्र बोलत नाही. डेप्युटी मुका आहे. समोर जोसेफ सीड दहा वाक्यं बोलतो, तुझ्या रागामुळे माणसं मरतायत म्हणतो, आणि आपल्या बाजूनं एक अक्षर नाही. तिसऱ्या भागातला नायक बोलत होता, म्हणून तिथे खलनायकाशी झालेली प्रत्येक भेट दोघांमधली वाटायची. इथे ती व्याख्यानासारखी वाटते. मुका नायक मोकळ्या जगात चालतो, कारण तिथे आपण हातानं बोलतो. हातपाय बांधून खुर्चीत बसवल्यावर मुका नायक चालत नाही. त्या वेळी खेळाडूकडून दोन्ही गोष्टी काढून घेतलेल्या असतात, हालचालही आणि भाषाही. वैताग तिथून येतो, अपहरण किती वेळा होतं यातून तेवढा येत नाही.

---

निशाचर१९

@तिसरा_मजला, जॉन आणि फेथबद्दल मान्य. जेकबबद्दल नाही. तिथे पुनरावृत्ती हाच मुद्दा आहे. तेच जुनं प्रेमगीत वाजतं, तीच खोली, त्याच जागी तेच शत्रू, आणि दर वेळी थोडं पुढे. आपल्याला कवायत लावली जातेय हे खेळाडूच्या बोटांना कळतं. शेवटच्या चाचणीत शेवटच्या खोलीत समोर कोण आहे ते गोळी सुटल्यावर कळतं, आणि गोळी सुटते कारण आधीच्या फेऱ्यांनी बोट तयार केलेलं असतं. कथा आणि खेळ यांची सांगड पूर्ण खेळात एकदाच खरोखर बसली आहे, ती इथे.

---

तिसरा_मजला

बोटाला सवय लावण्याची कल्पना उत्तम आहे, वाद नाही. पण गोळी न झाडण्याचा मार्ग ठेवला असता आणि तरीही बहुतेकांनी झाडली असती, तर ती कवायत सिद्ध झाली असती. इथे झाडली नाही तर वेळ संपून पुन्हा सुरुवात. ज्याला आधीच ओळखू आलंय की समोर कोण आहे त्यालाही झाडावीच लागते. मग दोष माझा आहे असं नंतर आपल्याच बाजूच्या टॅमीनं म्हटलं तर ते मनाला भिडत नाही.

हेनबेनमध्येही तेच. तुरुंगात ब्लिसच्या अमलाखालचा मार्शल बर्क आपल्या बाजूच्या व्हर्जिलला मारतो, आणि आपण सगळी शस्त्रं पाठीवर घेऊन त्याच आवारात असूनही काही करू शकत नाही. निर्णय काढून घ्यायचा आणि परिणामाचं ओझं मात्र द्यायचं, हे चार तास मोकळं खेळू दिल्यावर जास्तच खुपतं.

---

कंट्रोलरवाला

दोन नंबरचा प्रश्न राहिला. जेकबची चाचणी.

ती नेमबाजीची परीक्षा समजून खेळलात तर वेळ संपणार. तो पाठांतराचा भाग आहे. शत्रू दर वेळी त्याच जागी येतात. शत्रू मारला की घड्याळात वेळ वाढतो. म्हणजे आडोशाला थांबणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे, कारण थांबल्यावर घड्याळ खाली येतं आणि मारण्यातून मिळणारी भरही थांबते. पुढे चालत राहा आणि चालता चालता मारा.

वाटेत ठेवलेली प्रत्येक नवी बंदूक उचला. ती त्या पुढच्या खोलीसाठीच ठेवलेली आहे. अरुंद वाटेत शॉटगन, उघड्या जागेत ऑटोमॅटिक. डोक्यावर नेम धरण्यात वेळ घालवू नका, छातीवर छोटा बर्स्ट द्या आणि पुढे. रीलोड दोन शत्रूंच्या मधल्या पळापळीत करायचं, खोलीत शिरल्यावर नाही. दार ओलांडायच्या आधी मॅगझीन भरलेलं हवं.

पहिली फेरी हरण्यासाठीच खेळा. म्हणजे मुद्दाम हरू नका, पण लक्ष वेळेकडे न ठेवता कोण कुठून येतो याकडे ठेवा. दुसऱ्या फेरीला डावीकडून येणारा माणूस दिसायच्या आधी बंदूक तिकडे वळलेली असते. नंतरच्या चाचणीत आधीचीच वाट पुन्हा येऊन पुढे लांबते, त्यामुळे पहिलीत पाठ केलेलं वाया जात नाही.

कंट्रोलरवर खेळत असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन वळण्याचा वेग थोडा वाढवा. मोकळ्या रानात कमी वेग चालतो, या खोल्यांमध्ये मागे वळायला वेळ जातो. एम असिस्ट चालू ठेवा, इथे मानापमान नाही. आणि तरीही जमत नसेल तर खेळाची काठिण्यपातळी मध्येच बदलता येते. ऑप्शनमध्ये जाऊन इझी करा, चाचणी संपवा, परत नॉर्मल किंवा हार्ड. त्यानं ट्रॉफी वगैरेचा काही प्रश्न येत नाही.

व्हाइटटेलमध्ये मोकळं फिरताना त्रास देणारी दुसरी गोष्ट म्हणजे जजेस, तोंडावर लाल खूण असलेले पांढरे लांडगे. ते कळपानं येतात आणि धनुष्य किंवा स्नायपर असेल तर पंचाईत होते. एक होल्स्टर कायम शॉटगनचा ठेवा. गाडीच्या किंवा दगडाच्या वर चढा, तिथून मारा.

---

घाटरस्ता

सगळ्यांचे आभार. मीटर एका दमात दोन खुणा ओलांडतो हे मला माहीतच नव्हतं, हॉलंड व्हॅलीत नेमकं तेच झालं असणार.

अजून दोन गोष्टी. साथीदार कोणते ठेवावेत? व्हाइटटेलचे आउटपोस्ट गुपचूप घ्यायचे तर सोबतचा माणूसच गोळीबार सुरू करतो. आणि एक मैत्रीण को-ऑपमध्ये (दोघांनी एकत्र खेळायला) येणार म्हणतेय. तिच्या खेळात तिची प्रगती राहते का?

---

बोरकूट

को-ऑपचं आधी. कथेची प्रगती राहत नाही. पाहुण्याचे पैसे, बंदुका, पर्क, चॅलेंज त्याच्याकडे राहतात. मोहिमा, आउटपोस्ट आणि मीटर फक्त होस्टचे. म्हणजे तिनं तुमच्याकडे जेकब संपवला तरी तिच्या खेळात जेकब जिवंत. दोघांनीही स्वतःचा खेळ चालू ठेवायचा असेल तर एक दिवस तुमचा नकाशा, एक दिवस तिचा, असं ठरवून घ्या. दुसरी गोष्ट : दोघांना एकमेकांपासून फार लांब जाता येत नाही. एकानं उत्तरेला मासे पकडायचे आणि दुसऱ्यानं दक्षिणेला आउटपोस्ट घ्यायचा, हे होणार नाही. सुरुवातीचा भाग आणि डचचं बेट प्रत्येकाला एकट्यानंच खेळावं लागतं, तेव्हा तिला ते आधी उरकून ठेवायला सांगा.

साथीदार एकूण नऊ आहेत, प्रत्येक प्रदेशात तीन.

गुपचूप कामासाठी चारच धरा. बूमर कुत्रा हॉलंड व्हॅलीत रे-रेच्या भोपळ्याच्या शेतावर मिळतो. तो शत्रूंवर खूण करत जातो आणि त्याला पाहून कोणी घंटा वाजवत नाही. पीचेस ही पुमा हेनबेनमध्ये आहे. ती गवतातून जाऊन आवाज न करता मारते. जेस ब्लॅक व्हाइटटेलमध्येच बॅरन लंबर मिलच्या आउटपोस्टवर पिंजऱ्यात असते, धनुष्य वापरते. तुम्ही तिथेच आहात, तर आधी तिला सोडवा. चौथी ग्रेस आर्मस्ट्राँग, स्नायपर, पण ती आपल्या हुकमाखाली ठेवली तरच.

बाकीचे दणक्याचे. हर्ककडे रॉकेट लाँचर, शार्कीकडे आग, चीझबर्गर अस्वल अंगावर धावून जातं, निक राय विमानातून बॉम्ब टाकतो, ॲडिलेड हेलिकॉप्टरमधून. यांना गुपचूप कामाला नेलंत तर गोंधळ होणारच. पण ट्रकचा ताफा अडवायचा असेल, किंवा हॉलंड व्हॅलीत वरून सारखी विमानं येत असतील, तर निक रायला पर्याय नाही.

गुपचूप काम बिघडतं ते बहुतेक वेळा साथीदार आपल्यामागून चालत असतो म्हणून. आउटपोस्टच्या बाहेर, दुर्बिणीतून पाहता येईल अशा उंचीवर थांबा. साथीदाराला हुकूम देऊन तिथेच उभं करा. आधी सगळ्यांवर खूण करा, अलार्मचे डबे कुठे आहेत ते बघा. अलार्मचा डबा लांबून सायलेन्सरच्या गोळीनं फुटतो, पण एक फोडला म्हणून बाकीचे बंद पडत नाहीत. एकेक फोडावा लागतो. मग उंचावरचे पहारेकरी, मग एकटे फिरणारे, शेवटी जोडीनं उभे असलेले. जोडीतला एक तुम्ही घ्या आणि दुसऱ्यावर जेस किंवा पीचेसला सोडा, एकाच क्षणी. मेलेला माणूस दुसऱ्या कोणाच्या वाटेत पडला तर शोधाशोध सुरू होते, म्हणून वाटेवरचा पहारेकरी मारताना प्रेत कुठे पडेल तेही बघा. कोणाला न कळता आउटपोस्ट घेतलात तर जादा पैसे मिळतात.

साथीदार पडला आणि वेळेत उठवला नाही तर काही मिनिटं तो बोलावता येत नाही. लीडर पर्क असेल तर जोडी अशी लावा की एक गुपचूप आणि एक खूण करणारा. बूमर आणि जेस ही जोडी व्हाइटटेलला पुरेशी आहे.

---

कंट्रोलरवाला

चीझबर्गर हवा असेल तर एफ.ए.एन.जी. सेंटर आधी मोकळं करा, मग त्याला मासा खायला द्यायचा असतो. गळ बरोबर ठेवा म्हणजे फेऱ्या वाचतील.

---

तिसरा_मजला

(पुढे शेवट उघड केला आहे. घाटरस्ता, तुम्ही हा प्रतिसाद खेळ संपल्यावर वाचा.)

शेवटाबद्दल लोकांची जी तक्रार आहे ती नीट मांडायला हवी, कारण दोन वेगळ्या तक्रारी एकत्र होतात.

जॉन, फेथ, जेकब तिघंही मेल्यावर जोसेफची गाठ पडते आणि आपल्याला दोन पर्याय येतात : लढा किंवा निघून जा. निघून गेलात तर गाडीत रेडिओ लागतो, जेकबनं कानात बसवलेलं तेच गाणं वाजतं, पडदा लाल होत जातो आणि श्रेयनामावली. काय झालं ते न दाखवता कळतं. हा शेवट जेकबच्या चाचण्यांतून आलेला आहे, त्याची किंमत खेळाडूनं स्वतःच्या बोटांनी मोजलेली आहे. मला तो सगळ्यात चांगला वाटतो.

लढलात तर ब्लिसच्या धुक्यात आपलेच साथीदार समोर उभे राहतात, त्यांना पाडून पुन्हा उठवायचं आणि मग जोसेफ. बेड्या पडतात आणि अणुबॉम्ब पडतो. जळत्या जंगलातून गाडी, डचचा बंकर, डच मेलेला, आपण बांधलेले आणि समोर जोसेफ.

पहिली तक्रार : अणुबॉम्ब आकाशातून पडावा तसा कथेत पडला. यात अर्धं तथ्य आहे. गाडीच्या रेडिओवर आंतरराष्ट्रीय तणावाच्या बातम्या येतात, प्रत्येक बंकर याच भीतीनं बांधलेला आहे, प्रेपर लोक याच कारणासाठी साठा करतायत. बीज पेरलेलं आहे. पण ते अशा जागी पेरलंय जिथे खेळाडू जात नाही. रेडिओ बंद करून विमानानं फिरणाऱ्याच्या कानावर एकही बातमी पडत नाही. ज्या खेळानं खलनायकाचं भाषण ऐकवायला माणसाला खुर्चीला बांधलं, त्याला शेवटाची सगळ्यात थेट पूर्वसूचना मात्र गाडीच्या रेडिओवर सोडून द्यावीशी वाटली, हे मला पटत नाही. एक बातमी त्या खुर्चीसमोर लागली असती तर पुरलं असतं.

दुसरी तक्रार : तीस तास माणसं सोडवली, गावं परत मिळवली, आणि सगळी जळाली. ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. दुःखान्त असू नये असं माझं म्हणणं नाही. पण नकाशावर केलेल्या कामाचा शेवटावर तिळमात्र परिणाम होत नाही. सगळे आउटपोस्ट मोकळे करणारा आणि किमान काम करून धावत आलेला, दोघांना तोच बॉम्ब. बंकर मोकळे केले होते, निदान कोणी तिथे पोचलं का एवढं दाखवायला हवं होतं. फेब्रुवारी २०१९ च्या न्यू डॉनमध्ये सतरा वर्षांनंतरचा हाच परगणा आहे आणि तिथे काही जण जिवंत भेटतात, पण ते दुसऱ्या खेळानं दिलेलं उत्तर झालं.

तिसरा शेवट अगदी सुरुवातीलाच आहे. चर्चमध्ये जोसेफनं हात पुढे केल्यावर बेडीचं बटण दाबू नका. काही मिनिटं तसेच उभे राहा. शेरिफ व्हाइटहॉर्स माघार घेतो आणि खेळ संपतो. तो नंतर मुद्दाम बघा. शेवट बघितल्यावर तो पहिला प्रसंग वेगळा दिसतो.

एक व्यवहाराची गोष्ट : शेवट झाल्यावर खेळ तुम्हाला शेवटच्या मोहिमेच्या आधीच्या जगात परत सोडतो. राहिलेले स्टॅश, साथीदार, मासे, सगळं नंतर करता येतं. त्यामुळे काही राहून जाईल या भीतीनं शेवट लांबवू नका.

---

निशाचर१९

ज्यांना नकाशा रिकामा झाला की कंटाळा येतो त्यांच्यासाठी : नंतरच्या अपडेटमध्ये न्यू गेम प्लस आला, त्यात पर्क आणि बंदुका सोबत नेता येतात. पण सगळे पर्क घेऊन सुरुवात केली तर हॉलंड व्हॅली फारच सोपी जाते, म्हणून काठिण्यपातळी वरची घ्या. आणि एचयूडीच्या (पडद्यावर दिसणाऱ्या खुणा-सूचनांच्या) सेटिंगमध्ये जाऊन टॅगिंग, शत्रूभोवतीची रंगीत कडा आणि कोण बघतोय ते दाखवणारा इशारा, हे तिन्ही बंद करून बघा. तेच आउटपोस्ट वेगळे वाटतात. दुर्बीण तेव्हाच खरी उपयोगी पडते.

आउटपोस्ट परत भरत नाहीत अशी काहींची तक्रार असते. मला ती तक्रार वाटत नाही. ज्यांनी २००८ चा फार क्राय २ खेळलाय त्यांना उलट टोक माहीत आहे : चौकी साफ करून पुढे जायचं, परत येईपर्यंत ती पुन्हा भरलेली. दर मोहिमेला जाताना तीच चौकी, येताना तीच. तिथे बंदूकही गंजून ऐन वेळी अडायची, पण तिला उपाय होता, शत्रूची उचललेली न वापरता दुकानातून घेतलेली वापरायची. एकदा विकत घेतली की कोठारातून नवी नवी मिळत राहायची. चौकीला उपायच नव्हता, नदीनं होडीतून जाण्याशिवाय. पाचव्या भागात जिंकलेली जागा जिंकलेली राहते. हे मोकळ्या जगाला हवंच.

---

घाटरस्ता

तिसरा_मजला यांचा मोठा प्रतिसाद बाजूला ठेवलाय, संपल्यावर वाचेन. बॅरन लंबर मिल घेतली, जेस सोबत आहे. मीटर खुणेच्या अगदी अलीकडे थांबवलाय. आता हेनबेनला जातोय. फेथच्या लढाईबद्दल काही आधी माहीत असावं असं?

---

कंट्रोलरवाला

धनुष्य आणि स्नायपर घेऊन जाऊ नका. ती सतत जागा बदलते, दिसते न दिसते तोच दुसरीकडे, आणि मध्ये एंजल्स, म्हणजे ब्लिसनं भान हरपलेली माणसं, अंगावर येतात. मोठ्या मॅगझीनची असॉल्ट रायफल किंवा एलएमजी, आणि जवळच्यांसाठी शॉटगन. दारूगोळा भरून घ्या. मीटर पूर्ण भरायच्या आधी, म्हणजे शेवटच्या छोट्या कामाला हात घालायच्या आधी, दुकानात जाऊन गोळ्या आणि मेडकिट भरा, कारण त्यानंतर दुकानापर्यंत पोचण्याची उसंत मिळेलच असं नाही.

पीचेसही तिथेच आहे. मिस मेबलच्या टॅक्सिडर्मीच्या दुकानाचा आउटपोस्ट. ती पिंजऱ्यात परत यावी म्हणून वाट काढत आणावी लागते, त्या वेळी रस्त्यावरच्या गाड्यांपासून लांब राहा. ती मिळाली की श्राइन फोडायला तिला नेऊ नका. स्फोटात तीच सापडते.